बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलीसाठी नेमकं काय करावं?

निशिगंध

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण आज वेगळ्या विषयावर सल्ला हवाय.

पुण्यातल्या एका मुलींच्या बालगृहात मी रविवारी गणित आणि इंग्रजी शिकवायला जाते. तिथली एक मुलगी, तिला इथे 'म' म्हणते, यंदा बारावी कॉमर्सला आहे. जूनमध्ये तिला अठरा पूर्ण होतील आणि संस्था सोडावी लागेल. अधीक्षिका ताई चांगल्या आहेत, त्यांनी स्वतःच विचारलं की हिचं पुढे काही बघता येईल का. अनुरक्षण गृह (अठरानंतर राहण्याची सरकारी सोय) आहे, महिला राज्यगृह आहे. पण 'म'ला पुण्यातच बी.कॉम. करायचंय आणि तिचं म्हणणं एकच, "आता परत संस्था नको."

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, मुलगा बंगळूरला गेलाय, त्याची खोली रिकामी आहे, तिला आपल्याकडेच आणू. मला धास्ती वाटते. नाही जमलं तर? दोन महिन्यांनी "आता दुसरीकडे बघ" असं तिला सांगायची वेळ आली तर ते किती वाईट. सासूबाईंचं मत इथे लिहीत नाही. :)

पैसे देणं, घरात ठेवणं, वसतिगृहाची फी भरणं, नोकरी बघून देणं, यातलं खरंच कशाचा उपयोग होतो? कोणी केलंय का हे? आणि इथल्या कोणी स्वतः असं बाहेर पडून दाखवलं असेल तर त्यांचं ऐकायला जास्त आवडेल.

---

तिरकस_तात्या

सासूबाईंचं मत लिहा, धागा शंभरी गाठेल.

---

मोगरावेल

वाचते आहे. आमच्या भिशीच्या ग्रुपमधून दर दिवाळीला एका आश्रमात फराळ देतो. ती मुलं मोठी झाल्यावर कुठे जातात, हा प्रश्न आमच्यात एकीलाही पडला नव्हता.

---

बंदर_रोड

थोडं कडू लिहितो, राग मानू नये. अठरा म्हणजे सज्ञान. मतदान करतो, गाडी चालवतो, मग स्वतःचं पोट का नाही भरू शकत? माझे वडील सोळाव्या वर्षी संगमेश्वरहून एक ट्रंक घेऊन मुंबईला आले. कोणी अनुदान दिलं नाही की समुपदेशन केलं नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, रात्रशाळेत शिकले, आम्हाला तिघांना वाढवलं. आपण मुलांना फार जपतो आणि मग ती लुळी पडतात.

---

लालबागची_चाळ

@बंदर_रोड, तुमच्या वडिलांना नमस्कारच. पण ते उतरले कुठे, हे विचारलंत का कधी? माझ्या आजोबांची गोष्ट अगदी हीच, म्हणून खात्रीने सांगते. लालबाग-परळला गाववाल्यांची खोली असायची. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचे. ग्रामस्थ मंडळ होतं, त्यात वर्गणी भरायची. जेवायला खानावळ, तीही ओळखीच्या बाईची, पगार होईपर्यंत वहीत मांडून ठेवणारी. गिरणीत चिकटवणारा जॉबर गावचा किंवा शेजारच्या गावचा. आजारी पडलं तर एसटीने गावी, पेज प्यायला. होळी-गणपतीला जायला घर.

हे सगळं होतं म्हणून ट्रंकेवर भागलं. या मुलीजवळ ट्रंक आहे, बाकीचं नाही.

---

तिरकस_तात्या

लालबागची_चाळ यांना बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत).

---

बंदर_रोड

गाववाल्यांच्या खोलीचा मुद्दा मान्य. वडीलही त्या खोलीबद्दल फार बोलायचे. तरी सवय लागावी एवढी मदत नको, हे माझं मत कायम.

---

निवृत्त_परिविक्षा

महिला व बाल विकास खात्यात परिविक्षा अधिकारी (संस्थेतल्या मुलांचा पाठपुरावा करणारा) म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. कायदा काय म्हणतो ते आधी मांडतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ प्रमाणे, अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजात उभं राहण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येतं. देता येतं, द्यायलाच पाहिजे असं बंधन कलमात नाही. २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम २५ अनुरक्षणाबद्दल आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत राहणं, शिक्षण, कौशल्य, मार्गदर्शन, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं, म्हणजे तेवीसपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठी महिना ४००० रुपये आहेत. त्यासाठी मुलगी अनुरक्षण गृहातच राहिली पाहिजे असं नाही. बाहेर गटाने किंवा वसतिगृहात राहणाऱ्यांनाही हे साहाय्य मिळू शकतं.

व्यवहारात काय होतं? संस्था सोडायच्या आधी प्रत्येक मुलाचा पुढचा आराखडा करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो शेवटच्या आठवड्यात, फाईल बंद करायची म्हणून लिहिला जातो. एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे इतकी मुलं असतात की बाहेर गेलेल्याचा पाठपुरावा फोनवर "बरा आहेस ना" एवढ्यावर संपतो. मीही तेच फोन करणाऱ्यांपैकी होतो, कोणाला नावं ठेवत नाही.

निशिगंध, तुम्ही अर्ज आत्ताच करायला लावा. 'म' संस्थेत असतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अनुरक्षणाचा अर्ज जाऊ दे. एकदा मुलगी बाहेर पडली की ती सरकारी कागदावर कोणाचीच नसते आणि तिला मागून शोधत कोणी येत नाही.

---

कॉट_बेसिस

चार हजारांत पुण्यात कॉट मिळते, डबा मिळत नाही. बाकी माहिती उपयोगी, वाचनखूण साठवली.

---

पाना_नंबर_बारा

इथे वाचतोच फक्त. आज लिहितो, कारण धागाकर्तीने विचारलंय.

मी लहानपणापासून मराठवाड्यातल्या एका बालगृहात वाढलो. आयटीआय फिटर केलं, सध्या चाकणला एका कंपनीत आहे. बाहेर पडलो तेव्हा हातात फाईल, एक बॅग आणि ट्रेनीची जागा होती. म्हणजे इतर पोरांपेक्षा माझं नशीब बरंच म्हणायचं.

लोकांना वाटतं पैशाची अडचण असणार. होतीच. पण पहिला पगार झाला तो आठवड्यात उडाला, त्याचं काय? आत साबण मोजून, तेल मोजून, वह्या मोजून मिळतात. कपडे दाते देतात. पैसे हातात घेऊन आपण काहीतरी निवडायचं, हे आम्ही कधी केलेलंच नसतं. भाजीवाल्याकडे पावशेर मागायचं की अर्धा किलो, कळत नव्हतं. स्वयंपाकघरात खूप काम केलंय, पण तिथे तांदूळ घमेल्याने मोजायचे. एकट्या माणसाला किती तांदूळ लागतात हे मला शेजारच्या बिहारी पोराने शिकवलं.

दुसरं झोप. साठ पोरांच्या हॉलमध्ये झोपायची सवय. खोलीत एकटा झोपलो की शांततेनेच जाग यायची. रात्रपाळी मागून घेतली, दिवसा बाहेर आवाज असतो म्हणून.

तिसरं आधार कार्ड. त्याला मोबाईल नंबर संस्थेच्या ऑफिसचा जोडलेला. इकडे बँकेत मी काउंटरवर उभा आणि ओटीपी तिकडे क्लार्कच्या फोनवर. ते जेवायला गेलेले. मागे रांगेतले लोक शिव्या द्यायला लागले. निशिगंध ताई, बाकी काही केलं नाही तरी चालेल, 'म'साठी वेगळं सिम घेऊन ते आधारला जोडायचं काम तेवढं करा.

खोली शोधताना पहिला प्रश्न, गाव कुठलं? दुसरा, आईवडील काय करतात? "माहीत नाही" म्हटलं की मालकाचा चेहरा बदलतो. मग "वारले" म्हणायला शिकलो. वारलेले आईवडील चालतात लोकांना.

आणि जन्मतारीख. आमच्यातली अर्धी पोरं १ जूनची. शाळेत घालताना जी लिहिली ती. म्हणजे अठरा कधी पूर्ण होणार? बारावीचा निकाल नुकताच लागलेला, कॉलेजचे प्रवेश व्हायचे असतात, तेव्हाच. 'म' पण जूनचीच दिसते.

घरात ठेवायचं की नाही यावर मी काही सांगत नाही, मला तो अनुभव नाही. पण मला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात "नातेवाईकाची सही" म्हणून रकाना होता. कंपनीतल्या सुपरवायझरने सही केली आणि नात्याच्या जागी "काका" लिहिलं. तो माणूस अजून काकाच आहे. लग्नात तोच उभा राहिला.

---

मोगरावेल

पाना_नंबर_बारा, शब्द नाहीत. लिहीत राहा इथे.

---

पाना_नंबर_बारा

धन्यवाद. पण ताई, रडू नका, माझं बरं चाललंय. दुचाकीचे हप्तेपण संपले.

---

काळी_माती

माझं मत वेगळं आहे. मुलीच्या बाबतीत चांगलं स्थळ बघून लग्न लावून देणं हाच सुरक्षित मार्ग नाही का? आमच्या भागात शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत. चांगली घरं आहेत, हुंडा नको, खर्च आम्ही करू म्हणणारी. दोघांचाही प्रश्न सुटतो.

---

लालबागची_चाळ

सुरुवात झाली.

---

दुपारपाळी

@काळी_माती, मी मुलींच्या एका संस्थेत काही वर्षं कार्यालयात काम केलंय. असे फोन दिवसाआड यायचे. "आमच्या मुलाला आश्रमातली मुलगी करायची आहे, समाजसेवा म्हणून." पुढचा प्रश्न, "रंग कसा आहे?" आणि त्याच्या पुढचा, आवाज जरा खाली आणून, "जात कोणती असेल, काही अंदाज?" मुलगी अनाथ हवी, पण आपल्यातली हवी.

पूर्वी संस्थेतून लग्न लावणं हेच 'पुनर्वसन' धरलं जायचं. समारंभ, पेपरात फोटो, मंत्री अक्षता टाकायला. त्यातली काही लग्नं उत्तम झाली, खोटं कशाला बोलू. पण जी बिनसली त्यांतल्या मुलींना माहेर नव्हतं. नवऱ्याला आणि सासूला हे पक्कं ठाऊक असतं की ही उठून जाणार कुठे? अठराव्या वर्षी लग्न लावलं की खात्याची फाईल बंद होते, एवढाच त्यातला ठाम फायदा.

'म'ला बी.कॉम. करायचंय असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. ते वाचलंत ना?

---

काळी_माती

वाचलं. माझा हेतू वाईट नव्हता. आमच्या गावात अशी एक सून आहे, आज ती ग्रामपंचायत सदस्य आहे, म्हणून लिहिलं.

---

दुपारपाळी

हेतूबद्दल शंका नाही. त्या ताईंना या धाग्यावर आणा, त्यांचं ऐकू.

---

ढगाळ_हवामान

अनाथांना १ टक्का आरक्षण आहे ना? मग एवढी काळजी कशाला, सरकारी नोकरीच मिळेल.

---

निवृत्त_परिविक्षा

@ढगाळ_हवामान, १ टक्का समांतर आरक्षण २०१८ साली आलं, शिक्षण आणि नोकरी दोन्हींत. त्यामागे अमृता करवंदे यांची धडपड आहे. गोव्यातल्या अनाथालयात वाढून त्या पुण्याला शिकायला आल्या, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत गुण चांगले असूनही कुठल्याच प्रवर्गात बसत नसल्याने अडल्या आणि थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेल्या. नंतर २०२१ आणि २०२३ च्या शासन निर्णयांनी नियम बदलले. आता संस्थात्मक (संस्थेत वाढलेले) आणि संस्थाबाह्य (संस्थेबाहेर वाढलेले) असे अनाथांचे दोन गट आहेत.

पण आरक्षणाचा लाभ घ्यायला आधी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते महिला व बाल विकास विभागाचे विभागीय उपायुक्त देतात, प्रस्ताव जिल्हा कार्यालयातून जातो. आणि परीक्षेला बसायला आधी पदवी लागते, पदवीसाठी तीन वर्षं राहायला-जेवायला लागतं. आपण बोलतोय ते त्या तीन वर्षांबद्दल.

एक चांगली बातमी. २०२४ पासून राज्यात प्रवर्ग आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफी मिळाली. त्यात प्रमाणपत्र असलेल्या अनाथ मुलामुलींचाही समावेश आहे. बी.कॉम. त्यात बसणार नाही, पण 'म'च्या मनात पुढेमागे व्यवस्थापन वगैरे असेल तर लक्षात ठेवा.

---

आत्याबाई_लातूर

थोडं अवांतर, पण जवळचंच. माझ्याकडे भावाची दोन मुलं आहेत. भाऊ-भावजय दोघंही गेले. बालसंगोपन योजनेत नाव घातलं, मुलामागे महिना २२५० रुपये येतात, तेही कधी चार महिन्यांचे एकदम. पैसे येतात हेच खूप, तक्रार नाही. पण मोठा पुढच्या वर्षी अठराचा होतोय, मग बंद. त्याला डिप्लोमा करायचाय. तुमच्या त्या चार हजारांत तो बसतो का?

---

निवृत्त_परिविक्षा

आत्याबाई, अडचणीचा प्रश्न विचारलात. कायद्यातली अनुरक्षणाची व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठी आहे. नातेवाइकांकडे किंवा प्रतिपालक (फॉस्टर) कुटुंबात वाढलेली मुलं तिच्यात सरळ बसत नाहीत. सरकारच म्हणतं की मूल शक्यतो कुटुंबात वाढू द्या, आणि कुटुंबात वाढलं की अठराव्या वर्षानंतरची वाट अरुंद. मला हे नोकरीत असतानाही पटलं नव्हतं.

मात्र दोन्ही पालक नसल्याने संस्थाबाह्य अनाथ प्रमाणपत्र त्याला मिळू शकतं. डिप्लोमासाठी त्याचा उपयोग होईल. दोघांचे मृत्यू दाखले, शाळेचे कागद घेऊन जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जा, आणि तो अठराचा व्हायच्या आत जा.

---

आत्याबाई_लातूर

सोमवारीच जाते. देव भलं करो तुमचं.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडचं सांगतो. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचा आश्रम आहे. रस्त्यावर, स्टेशनवर टाकून दिलेली दिव्यांग पोरं त्यांनी सांभाळली आणि सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचं नाव लावलं. बाबांचा सरकारशी वाद कित्येक वर्षांचा हाच आहे, की मतिमंद, अंध, बहुविकलांग पोर अठराचं झालं म्हणून त्याला काढायचं कुठं? त्याला घरातच राहू द्या, त्यासाठी कायदा करा. २०२४ मध्ये बाबांना पद्मश्री मिळाली. त्यांचीच माला पापळकर, दोन्ही डोळ्यांनी अधू, लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा पास झाली.

आता मला सांगा, ती अठराव्या वर्षी बाहेर काढली असती तर पास झाली असती काय? अठरा हा आकडा कागदासाठी ठीक आहे. आमच्या घरची पोट्टी तीस वर्षांची झाली तरी बापाच्याच जिवावर गाडीत पेट्रोल टाकते, त्यांना कोणी म्हणत नाही सवय लागली म्हणून.

---

तिरकस_तात्या

शेवटचं वाक्य आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं. चिरंजीव उठून बाहेर गेले. गाडी घेऊन.

---

सॅन_होजे_सखी

इकडचं थोडं लिहिते. मी कॅलिफोर्नियात न्यायालयाने नेमलेली स्वयंसेवक म्हणून प्रतिपालक कुटुंबांत राहणाऱ्या मुलांसोबत काम करते. आपल्यासारखी मोठी बालगृहं इथे फारशी नाहीत, मुलं बहुतेक कुटुंबांत ठेवतात. पण कुटुंबं बदलत राहतात, त्यामुळे अठराव्या वर्षी प्रश्न तोच येतो. कॅलिफोर्नियाने २०१२ पासून ही मदत एकविसापर्यंत वाढवली. मुलगा शिकत असेल, काम करत असेल किंवा आजारपणाने काहीच करू शकत नसेल, तरी त्याला त्यात राहता येतं. काहींना राहण्याचे पैसे थेट हातात मिळतात, भाडं स्वतः भरायचं. आणि सव्वीसपर्यंत सरकारी आरोग्य विमा, तो संपूर्ण देशात.

एवढं असूनही रस्त्यावर, गाडीत, मित्राच्या सोफ्यावर झोपणारी यातली मुलं मी पाहते. मी ज्या मुलीसोबत होते तिला सगळे लाभ मिळत होते, पण तिची केस सांभाळणारी बाई सतत बदलायची. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी ती सांगेनाशी झाली. इंग्लंडमध्ये पंचविशीपर्यंत एक सल्लागार नेमून देण्याची सोय कायद्यात आहे, तो एकच माणूस टिकला तर किती बरं, असं वाटत राहतं.

---

बंदर_रोड

एकविसापर्यंतची मुदत, पण शिकत किंवा काम करत असण्याची अट, हे पटलं. अट हवीच.

---

जाईजुई_सिस्टर

मूळ प्रश्न घरात ठेवण्याचा होता, त्यावर कोणीच धड बोललं नाही, म्हणून मी बोलते. मी संस्थेत वाढले, नर्सिंग केलं, आता नाशिकला एका रुग्णालयात आहे. बाहेर पडल्यावर जीएनएमचा (नर्सिंगच्या डिप्लोमाचा) प्रवेश होईपर्यंत आणि नंतरही सुट्ट्यांत मी एका कुटुंबात राहिले.

माणसं वाईट नव्हती. "तू आम्हाला मुलीसारखीच" असं सगळ्यांसमोर म्हणायची. पण मुलीला सकाळी उठवत नव्हते, मला दूध आणायला उठवायचे. मुलगी ताट ठेवून उठायची, मी घासायची. कोणी घास म्हटलं नाही कधी. मीच घासायची, कारण फुकट राहतोय हे डोक्यात. पाहुणे आले की ओळख करून देताना माझी सगळी कहाणी सांगायची, माझ्यासमोर. फ्रिज उघडताना मी विचारून उघडायची. ते म्हणायचे विचारतेस काय, पण एकदा श्रीखंड संपलं तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

निशिगंध ताई, म्हणून ठेवायचं तर आधी बोलून ठेवा. किती महिने, हे ठरवा. घराची किल्ली द्या. थोडे का होईना, पैसे तिच्याकडून घ्या, म्हणजे तिला फ्रिज उघडता येईल. घरातली कामं वाटून घ्या, तुमच्या मुलाला जेवढी होती तेवढीच. तिची गोष्ट पाहुण्यांना सांगू नका. सासूबाईंना काय वाटतं ते तिला पहिल्या दिवशी कळणारच आहे, तुम्ही लपवू नका.

आणि वसतिगृहात ठेवलंत तर दिवाळीचं काय ते बघा. मेस बंद, मुली गावाला, वॉर्डन विचारते "तू कधी निघणार?" आमच्या संस्थेत दिवाळीला दात्यांची रांग लागायची, फराळाचे डबे ठेवायला जागा नसायची. बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी रुग्णालयातली ड्युटी मागून घेतली. अजूनही घेते, सहकाऱ्यांना वाटतं मी फार त्यागी आहे. :)

---

मोगरावेल

फराळाचं वाचून आमच्या भिशीच्या ग्रुपवर हे टाकलं. यंदा डब्यांचा निम्मा खर्च बाहेर पडलेल्या मुलींसाठी ठेवायचा ठराव झाला. कसा वापरायचा यावर अजून भांडण चालू आहे.

---

पाना_नंबर_बारा

@जाईजुई_सिस्टर, ड्युटी मागून घेणारे आपण सगळीकडे आहोत. दिवाळीला आमचा प्लांट देखभालीसाठी बंद असतो तेव्हा सगळ्यात आधी नाव माझं.

@मोगरावेल ताई, भांडण मिटवतो. वसतिगृहाचं डिपॉझिट. महिन्याचे पैसे कसेही जमतात, सुरुवातीची एकरकमी रक्कम जमत नाही. पोरं त्या एका कारणाने चांगली जागा सोडून कुठल्यातरी ठेकेदाराच्या खोलीत जातात, आणि मग तो सांगेल त्या पगारात काम करतात.

---

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. मधे गायब होते कारण 'म'ची प्रीलिम चालू होती.

तिच्याशी बोलले. खरं तर इतके दिवस मी, नवरा आणि अधीक्षिका बोलत होतो, तिला सरळ कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी नको. मला तिथे नीट वागत राहावं लागेल." नवऱ्याचा चेहरा पडला, पण मला ते ऐकून हलकं वाटलं. तिला कॉलेजजवळचं मुलींचं वसतिगृह हवंय. फी आणि डिपॉझिट आम्ही आणि माझ्या दोन मैत्रिणी मिळून बघतोय. स्थानिक पालक म्हणून फॉर्मवर माझं नाव चालेल का, असं तिनेच विचारलं. रविवारचं जेवण आमच्याकडे, तेही तिचा मूड असेल तर. दिवाळीचं विचारलं तर म्हणाली येईन, पण चकल्या मी पाडणार नाही, संस्थेत आयुष्यभराच्या पाडून झाल्यात.

सिम घेतलं. आधारला जोडायला उद्या जातोय. अनाथ प्रमाणपत्राची चौकशी केली तर संस्थेत कळलं की प्रस्ताव अजून गेलेलाच नाही. तिला संस्थेत ठेवल्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशाची प्रत फाईलमध्ये सापडत नाहीये. काय करावं?

सासूबाई: "वसतिगृहाचं जेवण बेकार असतं, तिला डबा लावून दे." एवढंच मत आहे सध्या. तात्या, निराश झालात ना?

---

तिरकस_तात्या

फार. सासूबाईंना नमस्कार सांगा.

---

निवृत्त_परिविक्षा

आदेशाची प्रत बालकल्याण समितीच्या कार्यालयात असतेच. संस्थेच्या पत्रावर अधीक्षिकांनी प्रमाणित प्रत मागायची. समितीची बैठक कोणत्या दिवशी असते ते विचारून त्याच दिवशी जा, नाहीतर नुसती फेरी होईल. प्रवेश क्रमांक आणि 'म' संस्थेत आली ते वर्ष लिहून न्या, जुन्या नोंदवह्या वर्षाने लावलेल्या असतात.

ती बाहेर पडायच्या आत फाईलमध्ये हे सगळं मूळ प्रतीत असू दे: समितीचा आदेश, जन्मतारखेचा पुरावा, अनाथ प्रमाणपत्र, अधिवास दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, पॅन, स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं. काही संस्थांत खातं अधीक्षकांसोबत संयुक्त असतं, ते बदलून घ्या. पारपत्र काढायचं झालं आणि जन्मतारखेचा दुसरा पुरावा नसला तर संस्थाप्रमुखांचं लेटरहेडवरचं घोषणापत्र चालतं, २०१६ च्या शेवटी तशी सवलत आली. अनुरक्षणाचा अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर पोच, म्हणजे तारीख-शिक्का, घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

---

जाईजुई_सिस्टर

रुग्णालयाच्या फॉर्मवरही स्थानिक पालक म्हणून नाव द्या आणि तिचा रक्तगट, लहानपणीची आजारपणं संस्थेच्या नोंदींतून उतरवून घ्या. आम्ही विचारतो तेव्हा अशा मुलींना "घरात कोणाला साखर आहे का" याचं उत्तर देता येत नाही, पण निदान स्वतःचं तरी कागदावर हवं.

---

बंदर_रोड

धागा पूर्ण वाचला. डबा आमच्याकडून लावा, पहिलं वर्ष. निशिगंध, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. अट एकच, नापास झाली तर मला कळवायचं.

---

निशिगंध

@बंदर_रोड, अटीबद्दल तिला विचारून सांगते. :)

---

सह्याद्रीची_सावली

उशिरा आले धाग्यावर. माझ्या ओळखीचा एक मुलगा बालगृहातून बाहेर पडतोय, इलेक्ट्रिशियनची आयटीआय झालीये, सातपूरला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागणार आहे. नाशिकमध्ये खोली कुठे मिळेल? दोन मालकांनी गावचा पत्ता विचारून नाही म्हटलंय.

---

जाईजुई_सिस्टर

सातपूर कॉलनीत आमच्या वॉर्डबॉयच्या घरावर एक खोली रिकामी आहे, संडास खाली, पाणी सकाळी दोन तास. तो गाव विचारणार नाही, मी सांगून ठेवते. भाडं किती झेपेल ते कळवा आणि पोराला येत्या शनिवारी चारनंतर पाठवा, मी त्या दिवशी सकाळपाळीला आहे.